ऑपरेशन झालं का?

आमच्या गावाला ‘ऑपरेशन’ हा शब्द शिकवणाऱ्यांत मीही होते. बाराखडी, पाढे, स्वच्छतेचे धडे गावानं एका कानानं ऐकले आणि दुसऱ्या कानानं सोडून दिले. हा एकच शब्द मात्र असा पक्का पाठ केला की पुढं तो कुणाला पुसता आला नाही. मास्तरणीला याहून मोठं यश कोणतं मिळायचं?

माझं माहेर शहापूरचं, हमरस्त्यावरचं. लग्न होऊन मी साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूच्या एका धानाच्या गावी आले आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये मशीनवर होता. आठवड्यातून एकदा, रविवारी, तो घरी यायचा. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. म्हणजे घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू. माझं शिक्षण अकरावी पास आणि सासूला अंगठा, पण भांडणात मला ती कधी पुरून उरली नाही असं झालं नाही.

आणीबाणीच्या सालात वरून हुकूम आला की प्रत्येक शिक्षकानं ‘केसेस’ आणायच्या. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस, किंवा बाई. आणल्या नाहीत तर बदली कुठल्या जंगलात होईल याचा नेम नव्हता. शाळा सुटली की मी आणि हेडमास्तर वही घेऊन घरोघर जायचो आणि दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचो, “ऑपरेशन झालं का?” नसबंदी हा शब्द बायकांच्या तोंडावर उच्चारायची मला लाज वाटायची, म्हणून मी ऑपरेशन म्हणायचे. मोतीबिंदूचंही ऑपरेशन असतं, आतड्याचंही असतं, हे आमच्या वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं. आम्ही दिसलो की गडीमाणसं खळ्यावरच्या धानाच्या पुंजण्यामागं दडायची. गावातली लहान पोरं तर ‘ऑपरेशनवाली बाई आली’ म्हणून ओरडत पुढं पळायची, आणि त्यांतली निम्मी माझ्याच वर्गातली असायची.

त्यात मी स्वतः सात महिन्यांची गरोदर. पुढं पोट आणि पोटावर धरलेली ती वही. एका म्हातारीनं मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, “मास्तरीनबाई, सोता पेरून राहिल्या अन् आमाले नांगर ठिवून द्या म्हनता.” हेडमास्तर दुसरीकडं बघायला लागले. मला हसू आलं, पण मी हसले नाही. तेव्हा मला माझ्या नोकरीचा रुबाब फार होता.

पहिल्या बाळंतपणात दोन दिवस घरीच कळा दिल्या. गावची सुईण हुशार होती, आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिच्याच हातची. पण तिसऱ्या दिवशी तिनंच हात टेकले आणि म्हणाली, आता भंडाऱ्याला न्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट कापून मुलगी काढली. मुलगी जगली, मीही जगले, पण टाके पिकले. बेंबीखालून सरळ उभी चीर, तिच्यातून पंधरा दिवस पू येत होता. मुलीला उचलून छातीशी घ्यायचं तर दोन बायका लागायच्या. एक मला उठवायला, एक तिला धरायला. पुढं सहा महिने पाण्याची एक कळशी मी उचलली नाही. ती चीर शिवताना मी बेशुद्ध होते. तिच्यापुढचं सगळं मात्र शुद्धीत भोगलं, आणि पुन्हा भोगायची माझी तयारी नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते यातून आलं.

मी दवाखान्यात असतानाच सासूनं विहिरीवर सांगितलं होतं, “सुनेचं ऑपरेशन झालं.” तिला बिचारीला दुसरा शब्द कुठला माहीत असणार? नर्सेसनी तिच्याजवळ तोच वापरला होता. गावानं तो ऐकला आणि आम्ही शिकवलेला अर्थ लावला. मी परत आले तेव्हा गावाच्या लेखी माझी नसबंदी झालेली होती. मास्तरणीनं आधी सोताचं केलं, आता दुसऱ्याले सांगाले मोकळी, असं काही जण कौतुकानंही म्हणाले. हेडमास्तरांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की त्याचं सर्टिफिकेट मिळालं असेल तर माझ्या नावावर एक केस धरता येईल. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सासूच्या डोक्यात प्रकाश पडायला मात्र आठ महिने लागले. तिचा एक चुलतभाऊ घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला की एका पोट्टीवर बाईनं कारभार आटोपला, आता पोराचं दुसरं पाहावं. त्याच्याकडं एक मुलगी होती दाखवायला. सासूनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा त्यात तसाच होता. त्या दिवसापासून तिनं एक वाक्य धरलं ते सोडलं नाही. विहिरीवर, बांधीत धानाचा रोवणा लावताना, कुणाच्या मरणादारीसुद्धा विषय निघायचा अवकाश, की ती पदर खोचून म्हणायची, “आमच्या सुनेचं ऑपरेशन नाही झालं.”

मी तिला समजावून पाहिलं. आत्याबाई, ऑपरेशन दोन तऱ्हेचं असतं. माझं झालं ते बाळ काढायचं. लोक म्हणतात ते वेगळं. म्हणून नुसतं ‘नाही झालं’ म्हणू नका, नीट सांगा. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “एका शब्दाचे दोन अर्थ करून तू शाळेत शिकव, बाई. गावात एकच चालते.”

आणि तिचं खरंच होतं. गावात एकच चालत होता.

मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. आता काय करायचं? गावाच्या हिशेबी ऑपरेशन झालेली बाई गरोदर, आणि नवरा राहतो तुमसरला. काहींनी भोळेपणानं म्हटलं की ऑपरेशन फेल गेलं असेल. काही जणी काहीच म्हणत नसत, नुसतं माझ्या पोटाकडं बघून एकमेकींकडं बघत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, लोकांकडे लक्ष देऊ नको. त्याला रविवारपुरतंच गाव असायचं, म्हणून हसणं परवडायचं. सासूचं वाक्य मात्र आता दुप्पट मोठ्या आवाजात सुरू झालं. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं रामराम केला तरी तिला वाटायचं त्यात काहीतरी खोच आहे.

पाचव्या महिन्यात मी भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्याच होत्या अजून. मी त्यांना सरळ म्हटलं की या वेळी मला कापून घ्यायचं नाही. त्या रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते, पण रागावल्या नाहीत. पहिल्या वेळचे कागद काढून बघितले, पोट तपासलं, आणि म्हणाल्या की प्रयत्न करून बघता येईल. पण दोन गोष्टी नीट कान देऊन ऐक. एक, बाळंतपण याच दवाखान्यात, घरी नाही. कळ सुरू झाली की निघायचं. दुसरी, कळा आपल्या आपण यायला हव्यात. कळा आणायची सुई तुझ्यासारखीला द्यायची म्हणजे आम्हीसुद्धा दहादा विचार करतो, बाहेर कुणाकडून तर मुळीच घ्यायची नाही. मी विचारलं, का? हमरस्त्यावरून रोज धानाची पोती जाताना त्या बघत असणार. म्हणाल्या, “टाका मारलेलं पोतं हळूहळू भरलं तर टिकतं. कोंबून भरलं तर कुठं उसवेल?”

मी म्हटलं, टाक्यावर.

“मग झालं,” त्या म्हणाल्या. “तू शिकवतेस ना शाळेत, तुला परत सांगायला नको.”

दिलेल्या तारखेवर आठ दिवस गेले आणि कळा आल्या नाहीत तर ये, असंही त्यांनी सांगितलं. मग मात्र पोट उघडावं लागेल. आणि दुसऱ्यांदा उघडलं की त्याच वेळी नळ्या बांधायच्या का, ते नवऱ्याशी बोलून ठरवून ये. हे त्या किती साधेपणानं म्हणाल्या! मला मात्र एसटीत बसल्यापासून घरी येईपर्यंत तेवढंच ऐकू येत होतं. म्हणजे दुसऱ्यांदा कापलं तर गाव म्हणत होतं तेच खरं ठरणार. दोन वर्षं माझी सासू ज्यासाठी गावाशी भांडली ते सगळं खोटं. गावातल्या लोकांसमोरून मी खाली मान घालून जायचं, तेही त्यांचं बरोबर निघालं म्हणून. आज हे लिहिताना मला माझीच चीड येते. जीव जायची गोष्ट होती आणि मी विहिरीवरच्या बायकांचा विचार करत होते. पण करत होते.

दिवाळी झाली. धानाची कापणी जोरात होती. तारीख आली आणि गेली. पोटात बाळ चांगलं फिरत होतं, लाथ मारली की लुगड्यावरून दिसायची, पण कळ म्हणून नाही. सासूनं एरंडेल पाजलं. मला दिवसभर शौचाला पळवण्यापलीकडं त्याचा काही उपयोग झाला नाही. अंगण दोनदा झाडलं, तीनदा झाडलं. जातं ओढलं. तळ्याच्या पाळीवरून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि आले. मुलगी माझं बोट धरून बरोबर यायची आणि विचारायची, आई, बाळ कधी येणार? मी म्हणायचे, त्याला विचार. ती माझ्या पोटाला तोंड लावून विचारायची.

आठ दिवस रविवारी पुरे होत होते. नवरा येणार आणि सोमवारी सकाळी आम्ही भंडाऱ्याला जाणार, असं ठरलं. पेटीत कपडे भरले. डॉक्टरीणबाईंचा कागद वरच ठेवला.

शनिवारी दुपारी सासू डॉक्टरला घेऊन आली.

तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. शेजारच्या गावी कुणाच्या सुनेला त्यानं सुई दिली आणि दोन तासांत मोकळी झाली, हे तिनं बांधीत ऐकलं होतं. तिला डॉक्टरीणबाईंची अट माहीत नव्हती, कारण मी सांगितली नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं होतं की सोमवारपर्यंत कळा आल्या नाहीत तर पुन्हा पोट फाडतील. पहिल्या वेळी माझा पू तिनंच पुसला होता. माझ्या पोटावरून पुन्हा सुरी फिरू नये म्हणून ती म्हातारी भर उन्हात दोन कोस चालत गेली होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

तो सायकलवरून आला. हँडलला कातडी बॅग. कुठली पदवी होती हे गावात कुणी विचारलं नाही. ताप उतरवायचा, सुई टोचायचा, एवढं पुरेसं होतं. बायांना तो कधी तपासत नसे, ओसरीवर बसून घरातल्या म्हातारीला विचारायचा आणि दाराआडून पुढं आलेल्या हातात सुई द्यायचा. यालाच लोक त्याचा सज्जनपणा म्हणायचे. सुईणीच्या जागी गावात सुई यायला लागली होती, ती अशी.

मी आतल्या खोलीत होते, दार अर्धं लोटलेलं. बाहेर त्यानं किती दिवस वर गेले ते विचारलं, कितवं लेकरू ते विचारलं. मग बॅग उघडल्याचा आवाज आला, आणि त्यानं विचारलं. त्यानं विचारलं होतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

“आधी काही ऑपरेशन वगैरे झालं का बाईचं?”

“नाही जी,” सासू म्हणाली. अडीच वर्षांत तो प्रश्न पुरा ऐकून घ्यायचीसुद्धा तिला गरज उरली नव्हती. “आमच्या सुनेचं ऑपरेशन नाही झालं. कोनी काही सांगतलं असन तर खोटं हाये.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं. सासूनं कशाचं उत्तर दिलं तेही कळलं. त्या घरात, त्या गावात, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला एकटीला माहीत होते. दार दोन पावलांवर होतं. ‘डॉक्टरसाहेब, माझं पोट कापलेलं आहे,’ एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं. आणि मी हिशेब केला. सांगितलं तर तो बॅग बंद करून सायकलवर बसेल. मग उद्या रविवार, परवा सोमवार, आणि परवा दुपारी माझ्या तोंडावर तो बेशुद्ध करायच्या वासाचा रुमाल. नाही सांगितलं तर कदाचित दोन तासांत सगळं आटपेल. पोतं काय नेहमीच उसवतं? कितीतरी पोती कोंबून भरतात आणि तुमसरपर्यंत धड जातात.

मी पोलक्याची बाही वर केली आणि हात दाराबाहेर काढला.

तासाभरात कळा सुरू झाल्या. सासूच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. तिनं चूल पेटवून पाणी ठेवलं, मुलीला शेजारी पाठवलं, आणि सुईणीला निरोप धाडला. पण पहिल्या बाळंतपणातल्या कळा मला आठवत होत्या. त्या यायच्या, जायच्या, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायच्या. या जातच नव्हत्या. एक उतरायच्या आत दुसरी चढायची. मी आढ्याला बांधलेली दोरी धरून उभी होते आणि खाली, अगदी जुन्या चिरेच्या जागी, काहीतरी वेगळंच दुखत होतं, कळेशी त्याचा संबंध नव्हता. मला कळलं होतं. मी सासूला म्हटलं, गाडी जुंपायला सांगा. ती म्हणाली, आता कुठं जाते, आता होऊन राहिली मोकळी.

मग आत एकदम काहीतरी गेलं. आवाज झाला असं मला वाटतं, पण बाहेर कुणी ऐकला नाही. आणि कळा थांबल्या. एका क्षणात, दिवा विझावा तशा. मी खाली बसले. खांदा दुखायला लागला, घाम आला, ओकारी झाली. सासू म्हणाली, बरं झालं, जरा थांबली, तेवढा आराम पडंन. तेवढ्यात सुईण आली. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. लेकरू कातडीच्या अगदी खाली लागत होतं, हात-पाय वेगळे मोजता येतील इतकं, आणि हलत नव्हतं. तिनं सासूकडं बघितलं.

“इले काय देल्लं?”

सासूनं सुईचं सांगितलं.

“हे कळ थांबली नाही, माय,” सुईण म्हणाली. “पोट फुटलं आतून. लवकर न्या.”

बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत आणि तिथून धान घेऊन जाणाऱ्या एका ट्रकमधून भंडाऱ्यापर्यंत, यातलं मला फार थोडं आठवतं. पोत्यांवर मला निजवलं होतं आणि सासूनं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. ती सारखं माझं तोंड पुसत होती. मला तिला सांगायचं होतं. मी ऐकलं होतं हे सांगायचं होतं. पण तोंडाला कोरड पडली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही सांगायचं नव्हतं.

शुद्धीवर आले तेव्हा खिडकीत उजेड होता. पोटाला पट्टे बांधलेले. नवरा पायाशी स्टुलावर बसला होता, मिलमधल्याच कपड्यांत, केसांवर धानाचा कोंडा तसाच. नर्सनं सांगितलं. मुलगी होती. आत फुटलं तेव्हाच गेली असणार. पिशवी शिवण्यासारखी राहिली नव्हती, काढून टाकावी लागली, म्हणून तू वाचलीस. मी विचारलं, कशी होती? नर्स म्हणाली, केस भरपूर होते.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. सासू पलंगाखाली फरशीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. त्यांनी आधी तिलाच विचारलं की सुई देणाऱ्याला सांगितलं नाही का, आधी पोट कापलेलं आहे म्हणून?

“त्यानं इचारलं होतं,” सासू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “ऑपरेशन झालं का म्हनून. मले वाटलं, ते गावातलंच इचारून राहिला. म्या सांगतलं, नाही झालं.” मग म्हणाली, “हे मले सांगे. दोन असते म्हनून. मीच आयकलं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. “तू कुठं होतीस तेव्हा?”

“आत,” मी म्हटलं.

त्या आणखी काही विचारतील म्हणून मी वाट बघत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. त्यांनी विचारलं नाही. पोटाचा पट्टा बघितला, नर्सला काहीतरी सांगितलं आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या.

घरी आल्यावर सासूनं मला एक शब्द बोलू दिला नाही आणि स्वतःही बोलली नाही. टाके या वेळी पिकले नाहीत. पण ती जणू पिकलेच आहेत असं करायची. पाणी तापवायची, पुसायची, मुलीला माझ्याजवळ आणून ठेवायची आणि परत घेऊन जायची. विहिरीवर जाणं तिनं सोडलं. शेजारणीकडून पाणी भरून घ्यायची. चुलतभाऊ भेटायला आला तेव्हा आत येऊन बसली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. गावात आता कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायचं काही उरलंच नव्हतं. तो सायकलवाला त्या वाटेनं फिरकेनासा झाला, नंतर तो दुसरीकडं गेल्याचं कानावर आलं.

मी शाळेत जायला लागले. फळ्यावर शब्द लिहायचे आणि पोरांना विचारायचे, याचा अर्थ काय? पोरं एकच अर्थ सांगायची आणि मी पुढं जायचे. समानार्थी, विरुद्धार्थी सगळं शिकवलं. पण एका शब्दाचे दोन अर्थ हा धडा आला की मी पोरांना तो घरी वाचून यायला सांगायचे.

सासूला मी सांगायला हवं होतं. त्यात माझं काय जाणार होतं? पण दिवस गेला की दुसऱ्या दिवशी ते आणखी जड व्हायचं. सहा महिन्यांनी सांगितलं तर ती म्हणेल, मग सहा महिने का नाही सांगितलं. वर्षानं सांगितलं तर वर्षाचं. ती सगळा दोष एकटीच्या अंगावर घेऊन म्हातारी होत चालली होती, आणि मी तो घेऊ दिला. नवऱ्यालाही मी सांगितलं नाही. तो तिला कधी टाकून बोलला नाही, पण त्यानंतर रविवारी आल्यावर तो तिच्याजवळ बसायचाही नाही. हे मला दिसत होतं.

दोनेक वर्षांनी आमच्या भागात नवीन नर्स आली. हातात रजिस्टर, आणि घरोघर तोच जुना प्रश्न. सासू ओसरीवर तांदळातले खडे वेचत होती. मी आत चुलीपाशी होते. नर्सनं घरातली माणसं विचारली, सुनेचं नाव, वय विचारलं, आणि मग विचारलं, “ऑपरेशन झालं का?”

सुपातले दाणे हलवल्याचा आवाज थांबला.

“झालं जी,” सासू म्हणाली. “लिहून घ्या.”

“किती मुलांवर?”

“दोन पोरींवर.”

नर्सनं लिहिलं असावं. मग ती अंगणाकडं वळली असावी, कारण तिनं विचारलं की एकच दिसते, दुसरी कुठं आहे?

“दुसरी माह्या तोंडानं गेली,” सासू म्हणाली.

मी आत होते. दार अर्धं लोटलेलं होतं, आणि मला सगळं ऐकू येत होतं.